दुखणं थांबतं तेवढ्या वेळात

सोलापुरात फिजिओथेरपीच्या दवाखान्यात येणारा माणूस दुखणं सांगायच्या आधी उपाय सांगतो. “मॅडम, करंट लावा.” यंत्रमागावर पाळी करून कंबर धरलेला कामगार असो, विड्या वळून मान आखडलेली अक्का असो, की गुडघ्यांनी जिना सोडायला लावलेले निवृत्त गुरुजी असोत, मागणी एकच. शेजाऱ्याला लावला, त्याला बरं वाटलं, मलाही लावा. या मागणीमागे विश्वास आहे आणि तो मला मोलाचा वाटतो. म्हणूनच या करंटने काय होतं, किती वेळ होतं आणि काय होत नाही, हे नीट समजावून सांगणं ही माझ्या पेशाची जबाबदारी आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. सौम्य वीजप्रवाह दुखणं काही काळ कमी करतो. दुखण्याचं मूळ बहुतेक वेळा तसंच राहतं. ते हलवायचं तर स्नायूंना ताकद यायला हवी, सांधा मोकळा व्हायला हवा, काम करण्याची पद्धत बदलायला हवी. दुखत असताना हे कुणालाच जमत नाही. करंट त्यासाठी वेळ मिळवून देतो. तो वेळ वापरला तर उपचार झाला. नाही वापरला, तर नुसतं मशीन लागलं.

किती करंट?

घरातला छताचा पंखा साधारण एक तृतीयांश अँपिअर वीज घेतो. आमचं मोजमाप मिलिअँपिअरमध्ये, म्हणजे अँपिअरच्या हजाराव्या भागात चालतं. सगळ्यांत जास्त वापरलं जाणारं यंत्र म्हणजे टेन्स. खिशात मावणारं, बॅटरीवर चालणारं, दोन किंवा चार पॅड असलेलं. त्यातून वीज सलग वाहत नाही, तिचे बारीक ठोके येतात. एकेक ठोका बहुधा ५० ते २०० मायक्रोसेकंदांचा. सेकंदाला १०० ठोके आणि प्रत्येक ठोका १०० मायक्रोसेकंदांचा धरा. म्हणजे एका सेकंदातला फक्त शंभरावा हिस्सा वीज वाहते, बाकीचे ९९ हिस्से ती थांबलेली असते. ठोक्याच्या क्षणी प्रवाह काही दहा मिलिअँपिअरपर्यंत चढला तरी एकूण वीज फार थोडी जाते, ती यामुळे.

दवाखान्यातल्या टेबलावर असतं ते मोठं यंत्र आयएफटीचं. त्यामागची कल्पना व्हिएन्नाच्या हान्स नेमेक यांनी १९५०च्या दशकात पुढे आणली. पॅडच्या एका जोडीतून ४००० हर्ट्झचा प्रवाह सोडायचा, दुसऱ्या जोडीतून ४१०० हर्ट्झचा. शरीरात ते एकमेकांना छेदतात तिथे दोहोंतल्या फरकाचा, म्हणजे १०० हर्ट्झचा ठेका तयार होतो. एवढ्या जास्त वारंवारतेला कातडीचा विरोध कमी होतो, त्यामुळे टोचल्यासारखं फारसं वाटत नाही.

तिसरा प्रकार मायक्रोकरंटचा. हा १ मिलिअँपिअरच्याही खाली राहतो. बहुतेकांना काहीच जाणवत नाही आणि मशीन सुरू आहे ना, असं रुग्ण पुन्हा पुन्हा विचारतात. टेन्स आणि आयएफटी मज्जातंतूंना जागं करून काम करतात. मायक्रोकरंटचा दावा वेगळा आहे: तो थेट पेशींच्या दुरुस्तीला हातभार लावतो, असं म्हटलं जातं. दुखणं कमी होणं आणि जखम भरणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्यांचे पुरावेही निराळे आहेत. जाहिरातींत त्या एकत्र कालवल्या जातात, म्हणून मी त्या इथे वेगवेगळ्या ठेवते.

एक साधी गोष्ट मात्र सगळ्या प्रकारांना लागू आहे. आमच्या उन्हाळ्यात कातडी कोरडी पडते आणि कोरड्या कातडीतून वीज सहज जात नाही. त्यात घरून निघताना गुडघ्याला तेल किंवा बाम चोळून येण्याची सवय. तेलाचा थर वीज अडवतो. मग पॅडच्या एखाद्याच कोपऱ्यातून प्रवाह घुसतो आणि चटका बसल्यासारखं होतं. साबणाने जागा धुणं, पुसणं, जेल सारखं पसरणं, पॅड सपाट बसवणं ही कामं दोन मिनिटांची असतात, पण उपचाराचा निम्मा दर्जा त्यांत असतो.

वेदनेच्या वाटेवरचं फाटक

विजेने दुखणं कमी होतं हे माणसाला वीज म्हणजे काय ते कळण्याच्या फार आधी ठाऊक होतं. पहिल्या शतकात रोममधल्या स्क्रिबोनियस लार्गस या वैद्याने डोकेदुखीसाठी आणि वातरक्ताने सुजलेल्या पायासाठी टॉर्पेडो नावाचा जिवंत मासा वापरायला सांगितला होता. हा मासा झटका देतो. रोग्याने पाय बधिर होईपर्यंत तो झटका सोसायचा. पुढे १७९१ मध्ये गॅल्वानीने बेडकाच्या स्नायूंवरचे प्रयोग प्रसिद्ध केले, १८०० मध्ये व्होल्टाने बॅटरीचा शोध जाहीर केला, १८३१ मध्ये फॅरडेने विद्युतप्रवर्तन शोधलं आणि १८५५ मध्ये पॅरिसच्या दुशेनने शरीराच्या ठरावीक भागाला वीज देण्यावर ग्रंथ लिहिला. गॅल्वॅनिक आणि फॅराडिक ही नावं आम्ही आजही दवाखान्यात रोज घेतो.

तरीही दुखणं का कमी होतं याचं पटण्यासारखं उत्तर १९६५ पर्यंत नव्हतं. त्या वर्षी रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक सिद्धान्त मांडला. वेदनेचा निरोप बारीक तंतूंमधून सावकाश येतो. स्पर्शाचा, दाबाचा निरोप जाड तंतूंमधून वेगाने येतो. दोन्ही निरोप मज्जारज्जूत एकाच ठिकाणी पोचतात आणि तिथे फाटकासारखी व्यवस्था असते. जाड तंतू जोरात बोलू लागले की बारीक तंतूंसाठी फाटक अर्धवट मिटतं. कोपर आपटलं की आपण नकळत ते चोळतो आणि कळ जरा ओसरते, त्यामागचं कारण हेच. १९६७ मध्ये वॉल आणि विल्यम स्वीट यांनी माणसांच्या मज्जातंतूंना विजेचे हलके ठोके दिले. ठोके सुरू असताना वेदना दबते, हे त्यांना दिसलं. आजच्या टेन्सचा जन्म तिथून झाला. जाड तंतू हलक्या प्रवाहालाही लवकर जागे होतात, ही निसर्गाची सोय या यंत्राच्या मुळाशी आहे.

सिद्धान्तातल्या काही तपशिलांत नंतर दुरुस्त्या झाल्या, पण मूळ मुद्दा टिकला: वेदना वाटेत कमीजास्त करता येते. शिवाय वरून, मेंदूकडूनही तिच्यावर नियंत्रण असतं. त्या दुसऱ्या वाटेचा शोध घेताना एक धागा सोलापूरच्या अगदी जवळून जातो.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस आमच्या गावचे. जन्म १९१०चा, सोलापुरातला. १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात ते होते. बाकीचे चौघे म्हणजे अटल, नागपूरचे चोळकर, मुखर्जी आणि कलकत्त्याचे बिजॉयकुमार बसू. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारले. बसू मायदेशी परतले. १९५०च्या दशकाच्या शेवटी ते पुन्हा चीनला गेले, अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि ती विद्या त्यांनी भारतात रुजवली. त्याच चीनमध्ये १९६५ पासून बीजिंगच्या हान जिशेंग या शरीरशास्त्रज्ञाने सुई टोचल्यावर वेदना का शमते, याचा प्रयोगशाळेत पाठपुरावा सुरू केला. सुयांना सौम्य वीज जोडली की परिणाम मोजता येतो, हे त्यांच्या कामाचं बळ होतं. सेकंदाला २ ठोके दिले की शरीर एन्केफॅलिन आणि एन्डॉर्फिन ही स्वतःची वेदनाशामकं सोडतं आणि १०० ठोके दिले की डायनॉर्फिन, असं त्यांच्या गटाने दाखवलं. ही द्रव्यं अफूच्या जातीची, पण आपल्याच शरीरात बनणारी.

यामुळे यंत्रावरची वारंवारतेची कळ कशीही फिरवून चालत नाही. ताज्या, चमक मारणाऱ्या दुखण्याला मी बहुधा ८० ते १२० हर्ट्झ लावते. आराम लगेच सुरू होतो, मशीन काढल्यावर लवकर ओसरतो. जुनाट, खोल ठणक्याला २ ते ४ हर्ट्झ, स्नायू हलकेच उडतील एवढ्या जोराने. हा आराम यायला वेळ लागतो, पण रेंगाळतो. इथे औषधांचाही संबंध येतो. जी माणसं बराच काळ अफूवर्गातल्या वेदनाशामक गोळ्या घेत आली आहेत, त्यांना कमी वारंवारतेचा फायदा कमी होऊ शकतो, कारण दोन्हींची वाट एकच. चहा-कॉफीचंही तसंच. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात २०० मिलिग्रॅम कॅफीन घेतल्यावर टेन्सचा परिणाम घटल्याचं दिसलं. आपल्या एका छोट्या कपात एवढं कॅफीन नसतं. पण पाळी संपवून लागोपाठ कप रिचवून येणाऱ्याला मी सांगते, मशीनच्या आधीचा चहा नंतर घ्या.

सूप, माग आणि मान

सोलापूरचं दुखणं सोलापूरच्या कामातून येतं. शहराच्या पूर्व भागात तेलुगू बोलणारी पद्मशाली कुटुंबं पिढ्यान् पिढ्या मागावर राबली. जुनी मिल १८७०च्या दशकात उभी राहिली, तिच्यामागून इतर गिरण्या आल्या आणि पुढे एकेक करून बंद पडल्या. कापड मात्र थांबलं नाही. चादर आणि टॉवेल यंत्रमागावर निघत राहिले. मागावरचा कामगार पाळीभर उभा असतो, एकाच वेळी अनेक माग सांभाळतो, वाकून धागा जोडतो, पुन्हा ताठ होतो. घरातल्या बाया विड्या वळतात. कुंभारीजवळच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत २००६ मध्ये विडी कामगारांना १०,००० घरं मिळाली, यावरून या कामात किती हात आहेत याचा अंदाज येईल.

विडी वळणारी बाई मांडी घालून बसते. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं आणि तंबाखू. मान खाली, खांदे पुढे, नजर बोटांवर. कात्रीने पान कापायचं, तंबाखू भरायची, अंगठा आणि तर्जनीत वळायचं, टोक दुमडायचं, दोरा बांधायचा. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने. एका विडीत हातांच्या किती हालचाली होतात ते पाहा आणि त्याला हजाराने गुणा. अंगठ्याच्या मुळाशी सूज, मनगटात कळ, मानेपासून खांद्यापर्यंत दगड झालेला स्नायू, कंबर आणि गुडघे धरलेले, हे चित्र एकाच बाईत दिसतं. तिच्या पिशवीत मेडिकलमधून आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांची पट्टी असते. अशा गोळ्या वर्षानुवर्षं मनाने घेतल्या तर पोटाला आणि मूत्रपिंडाला इजा होते. जिला आधीच रक्तदाब किंवा मधुमेह आहे तिला धोका जास्त. तिची गोळी कमी झाली तर करंटने मोठंच काम केलं, असं मी समजते.

पण ही बाई माझ्याकडे रोज येऊ शकत नाही. येण्याजाण्यात अर्धा दिवस गेला की तेवढ्या विड्यांची मजुरी बुडते. म्हणून जी काही वीस-पंचवीस मिनिटं मिळतात, त्यांतला एक क्षणही मी तिला नुसतं पडून राहू देत नाही. पॅड मानेच्या मागे आणि खांद्यावर लावते, ठोके जोरदार पण सोसतील असे वाढवते आणि दुखणं उतरू लागलं की लगेच सांगते, “अक्का, आता हनुवटी मागे घ्या. खांद्याच्या फऱ्या पाठीमागे जवळ आणा. पाच मोजा. सोडा.” करंट सुरू असतानाच मान फिरते, हात डोक्यावर जातो. आठवडाभर न वळलेली मान वळली की तिच्या चेहऱ्यावर जे येतं, ते औषधापेक्षा कमी नाही. आपली मान वळू शकते हे तिच्या शरीराला पुन्हा कळलेलं असतं.

मागावरच्या कामगारांना मी हे त्यांच्याच कामातून समजावते. धागा तुटला की माग थांबवावा लागतो, त्याशिवाय तो जोडता येत नाही. पण माग थांबला म्हणजे धागा जोडला गेला असं होत नाही. करंट माग थांबवतो, जोडायचं काम व्यायामाचं. हे त्यांना एका फटक्यात पटतं. मग गुडघेदुखीवाला घरी गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दहा-दहा वेळा दाबतो, खुर्चीतून हात न टेकता उठण्याचा सराव करतो आणि काही आठवड्यांनी जिना चढताना त्याला मशीनची आठवणही येत नाही.

हे फक्त माझ्या अनुभवाचं बोलणं नाही. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात कॅथलीन स्लुका आणि त्यांचे सहकारी टेन्सवर वर्षानुवर्षं काम करत आहेत. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात फायब्रोमायल्जिया असलेल्या ३०१ स्त्रियांना घेतलं होतं. अंगभर दुखण्याचा हा चिवट विकार. ज्यांनी घरी हालचाल करताना खरं टेन्स लावलं, त्यांचं हालचालीतलं दुखणं चार आठवड्यांत खोट्या यंत्राच्या तुलनेत कमी झालं. त्यांच्या गटाच्या कामातून आणखी दोन गोष्टी पुढे आल्या. ठोक्यांचा जोर पुरेसा हवा, नुसत्या हलक्या मुंग्या पुरत नाहीत. आणि तोच करंट तशाच मात्रेत रोज दिला तर शरीराला त्याची सवय होते. प्राण्यांवरच्या प्रयोगांत ही सवय चौथ्या-पाचव्या दिवशीच दिसते. पहिल्या दिवशी लावलेली मात्रा दहाव्या दिवशीही तीच असेल तर रुग्णाने हक्काने विचारावं, असं का?

पुरावा काय म्हणतो

एवढं सगळं असताना जगातले तज्ज्ञ या करंटबद्दल एकमताने बोलत नाहीत, हे वाचकांपासून लपवून ठेवणं मला पटत नाही. ब्रिटनमध्ये उपचारांचे दंडक ठरवणाऱ्या नाइस या संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी टेन्स आणि आयएफटी देऊ नये असं सांगितलं. २०२२ मध्ये सांध्यांच्या झिजेसाठीही तसंच सांगितलं. त्याच २०२२ मध्ये मार्क जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी टेन्सच्या ३८१ चाचण्या एकत्र तपासल्या. मशीन सुरू असताना किंवा काढल्याबरोबर दुखण्याची तीव्रता खोट्या मशीनपेक्षा कमी असते आणि गंभीर अपाय दिसत नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

मला या दोन निष्कर्षांत विरोध दिसत नाही. दोघांचे प्रश्न वेगळे आहेत. एकाने विचारलं, हा आजार यामुळे सुधारतो का, आणि त्यासाठी सरकारने पैसे खर्च करावेत का? दुसऱ्याने विचारलं, आत्ता दुखणं कमी होतं का? पहिल्याचं उत्तर ‘तसा भरवसा नाही’ आणि दुसऱ्याचं ‘हो’. एकाच करंटची ही दोन खरी उत्तरं आहेत आणि माझा सगळा उपचार त्या दोहोंच्या मध्ये उभा आहे. आत्ता कमी झालेलं दुखणं पुढच्या महिन्याच्या ताकदीत बदलायचं असेल, तर ते रुग्णाने आणि मी मिळून करायचं असतं. यंत्राकडून ती अपेक्षा ठेवली की निराशा ठरलेली.

जखमेची स्वतःची वीज

आता दुसरा विषय, जखम भरण्याचा. हा मला या क्षेत्रातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. आपली कातडी ही एक बॅटरी आहे. तिच्या पेशी सोडियमचे कण सतत आत ओढत असतात, त्यामुळे कातडीच्या बाहेरच्या आणि आतल्या बाजूंमध्ये काही दहा मिलिव्होल्टचा फरक राहतो. कातडी फाटली की त्या जागी बॅटरीत भोक पडतं आणि जखमेतून प्रवाह वाहू लागतो. जर्मनीच्या एमिल द्यु ब्वा-रेमों या शास्त्रज्ञाने १८४०च्या दशकात स्वतःच्या बोटाला जखम करून हा प्रवाह मोजला. १९८० मध्ये इलिंगवर्थ आणि बार्कर यांनी बोटांची टोकं तुटलेल्या मुलांमध्ये, टोक पुन्हा भरून येत असताना, तो पुन्हा मोजला. प्रत्येक चौरस सेंटिमीटरमागे तो काही मायक्रोअँपिअरपासून तीसच्या आसपासपर्यंत भरला. हा प्रवाह नुसता गळून जात नाही. २००६ मध्ये मिन झाओ आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं की विद्युतक्षेत्र पेशींना दिशा देतं. पेशी त्याच्या रोखाने सरकतात, आणि त्यासाठी पेशीच्या आत कोणती जनुकं लागतात हेही त्यांनी सांगितलं.

हाडांचीही अशीच गोष्ट आहे. १९५७ मध्ये जपानमध्ये फुकादा आणि यासुदा यांनी दाखवलं की हाडावर ताण दिला की त्यात वीज निर्माण होते. पुढे न जुळणाऱ्या हाडांसाठी विजेची साधनं निघाली आणि १९७९ मध्ये अमेरिकेत त्यांना मान्यता मिळाली.

मग बाहेरून थोडा प्रवाह देऊन जखम लवकर भरेल का? १९६९ मध्ये वोलकॉट आणि सहकाऱ्यांनी न भरणाऱ्या व्रणांवर काहीशे मायक्रोअँपिअरचा प्रवाह वापरून चांगले परिणाम नोंदवले. आज सगळ्यांत भक्कम पुरावा आहे तो अंथरुणाला खिळलेल्या माणसांना होणाऱ्या शय्याव्रणांबाबत. त्यांच्यावरच्या २०१९च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत, लवकर न भरणाऱ्या व्रणांसाठी ठोक्यांच्या स्वरूपातल्या विजेची शिफारस आहे. मात्र ती पूरक म्हणून. कूस बदलणं, दाब काढणं, आहारातली प्रथिनं, जखमेची स्वच्छता हे आधी. मधुमेही पायाच्या जखमेचंही तसंच. साखर ताब्यात नाही, रक्तपुरवठा तपासलेला नाही, पायावरचा भार काढलेला नाही, अशा वेळी नुसता करंट लावत बसणं म्हणजे मोलाचे दिवस घालवणं. तिथे मी आधी सर्जनकडे पाठवते.

मायक्रोकरंटच्या जाहिरातीत नेहमी एक आकडा झळकतो: पेशीतली ऊर्जा ५०० टक्क्यांनी वाढते. या आकड्याचं मूळ १९८२च्या एका अभ्यासात आहे. चेंग आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या कातडीचे तुकडे प्रयोगशाळेत ठेवून त्यांना वीज दिली. साधारण १००० मायक्रोअँपिअरच्या आत एटीपी, म्हणजे पेशींचं इंधन, कित्येक पटींनी वाढलं. त्याहून बराच जास्त प्रवाह दिल्यावर वाढ राहिली नाही. अभ्यास महत्त्वाचा आहे. जास्त वीज म्हणजे जास्त फायदा नव्हे, हे त्याने शिकवलं. पण बशीतल्या उंदराच्या कातडीवरून माणसाच्या गुडघ्याबद्दल छातीठोक बोलता येत नाही. गुडघ्यातली गादी करंटने पुन्हा तयार होते असं कुणी सांगत असेल, तर त्याला सरळ पुरावा मागा.

कुणाला लावायचा नाही

सौम्य म्हणून निर्धोक असं समजू नका. पेसमेकर बसवलेल्या माणसाने हृदयरोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय असं कोणतंही यंत्र लावू नये. गळ्याच्या पुढच्या बाजूला पॅड लावायचे नाहीत. तिथल्या रक्तवाहिनीतल्या दाबाच्या जाणिवेला धक्का बसून नाडी आणि रक्तदाब अचानक उतरू शकतो. गरोदरपणी पोटावर आणि कमरेवर नाही, कर्करोगाच्या गाठीवर नाही, पायाच्या शिरेत गुठळी असेल तर तिथे नाही. फिट येणाऱ्याने डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय नाही. मधुमेहाने तळपाय बधिर झाले असतील तर आधी संवेदना तपासायची, कारण ज्याला टोचलेलं कळत नाही त्याला भाजलेलंही कळत नाही. सलग एका दिशेने वाहणाऱ्या प्रवाहात तर ऋण पॅडखाली अल्कली आणि धन पॅडखाली आम्ल तयार होतं, त्याने कातडीला रासायनिक भाजणी होऊ शकते. आणि दुखण्याबरोबर ताप, वजन घटणं, रात्रीची असह्य कळ, पायातली ताकद जाणं किंवा लघवीवरचा ताबा सुटणं यांतलं काही असेल तर आधी निदान, मग बाकी सगळं.

गावोगावी हॉल भाड्याने घेऊन लोकांना रोज फुकट खुर्चीत किंवा गादीवर बसवणारी विक्री केंद्रं येतात. मधुमेह जातो, रक्तदाब उतरतो, सांधे बरे होतात, असं तिथे सांगितलं जातं आणि शेवटी आयुष्याची पुंजी देऊन लोक यंत्र घरी आणतात. १९५४च्या औषधे आणि जादुई उपाय कायद्याने मधुमेह, रक्तदाब, संधिवात अशा आजारांवर हमखास उपाय म्हणून जाहिरात करायला बंदी आहे. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे सगळी वैद्यकीय उपकरणं औषधांच्या कायद्याखाली आली आहेत. हे ठाऊक असलेला ग्राहक सहजासहजी फसत नाही. घरी टेन्स हवंच असेल तर साधं, बॅटरीवरचं यंत्र पुरतं, पण ते लावायला शिकून घ्या आणि मात्रा ठरवून घ्या.

काम ज्याचं, मागणी त्याची

दिवाळीनंतर आमच्याकडे गड्ड्याच्या यात्रेची चाहूल लागते. सिद्धरामेश्वरांचे सात नंदीध्वज उचलणारी तरुण मुलं सरावाला लागतात आणि त्यांतली काही कंबर धरून येतात. त्यांचं दुखणं ताजं असतं, करंटने झटकन उतरतं. मला सगळ्यांत जास्त काळजी त्यांचीच वाटते, कारण दुखणं उतरलं की ते त्याच संध्याकाळी पुन्हा नंदीध्वजाची काठी पेलायला जातात. वेदना हा शरीराचा इशारा असतो. तो दाबून अंगावर आणखी भार घेण्यासाठी मी करंट देत नाही. हीच गोष्ट कारखान्यातल्या कामगारालाही लागू आहे. मशीन लावून त्याच पाळीवर, त्याच वाकलेल्या कमरेने उभं राहायचं असेल, तर आपण माणसाला बरं करत नाही, झिजवायला मदत करतो.

त्यामुळे माझं काम दवाखान्याच्या दारात संपत नाही, असं मला वाटतं. विडी वळणाऱ्या बाईला पाठीला टेकू मिळेल अशी बैठक हवी, सूप थोडं उंच हवं, तासाभराने उठून दोन मिनिटं हात-मान मोकळी करण्याची मुभा हवी. मागाजवळ आळीपाळीने पाय ठेवायला एक पायरी हवी. या गोष्टींना यंत्रापेक्षा कमी पैसे लागतात. त्या मागायला हव्यात, देणाऱ्यांनी द्यायला हव्यात आणि आम्ही फिजिओथेरपिस्टांनी कामाच्या जागी जाऊन त्या दाखवायला हव्यात.

पुढच्या वेळी कुठल्याही दवाखान्यात तुम्हाला पॅड लावले जातील, तेव्हा एक प्रश्न जरूर विचारा: मशीन सुरू असताना आणि काढल्यावर मी काय करायचं आहे? उत्तर म्हणून एखादा व्यायाम, एखादी बसण्याची पद्धत, दोन आठवड्यांनी तपासायचं एखादं उद्दिष्ट मिळालं, तर तुमचा करंट योग्य हाती आहे. ‘काही नाही, उद्या परत या’ एवढंच ऐकू आलं, तर प्रश्न पुन्हा विचारा. तो विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे आणि त्याचं उत्तर देणं हे आमचं काम आहे.